यादीत तुझंही नाव लिही

अगं, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भांडी आवरत होते. ओल्या हातानेच घेतला. तू म्हणालीस, "अक्का, भावाचा रिपोर्ट आला. फॅब्री म्हणून काहीतरी सांगतात. आणि मलाही डोळे दाखवून घ्यायला सांगितलंय. दुखणं त्याच्या किडनीचं, मग माझे डोळे कशाला?" पुढे तपासणीची यादी वाचून दाखवता दाखवता तुझा आवाज चिरकला आणि तू फोन ठेवलास. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. म्हणून आज दुपारी सगळं बाजूला सारून लिहायला बसले. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं. हे कागदावरचं तू भावाच्या फाईलमध्ये ठेव आणि लागेल तेव्हा काढून वाच.

तू घाबरली आहेस, ते साहजिकच आहे. पण बघ, सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी नंदगड ते बेळगाव हेलपाटे तूच घातलेस. कानडीतले फॉर्म तूच भरून आणलेस, औषधाच्या वेळा तूच सांभाळल्यास. हे काम त्याहून अवघड नाही, फक्त नवीन आहे. एकदा नीट समजलं की हात आपोआप चालायला लागतील.

आधी आजार काय तो समजून घे. आपल्या पेशींमध्ये एक ठरावीक प्रकारची चरबी तयार होत असते. ती मोडून साफ करायला शरीरात एक एन्झाइम असतं, अल्फा गॅलॅक्टोसिडेज नावाचं. ते बनवायची कृती जीएलए नावाच्या जनुकात लिहिलेली असते. त्या जनुकात चूक असली की एन्झाइम कमी पडतं किंवा तयारच होत नाही, आणि चरबी साचत जाते. मोरीच्या जाळीला रोज थोडं थोडं तेलकट धरत जातं ना, तसं. पहिली काही वर्षं पाणी जातंय असंच वाटतं. मग एक दिवस ते तुंबतं. ही चरबी रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, किडनीत, नसांमध्ये आणि हृदयाच्या स्नायूत साचते. १८९८ साली जर्मनीतले योहान्स फॅब्री आणि लंडनचे विल्यम अँडरसन या दोन त्वचेच्या डॉक्टरांनी, एकमेकांना न सांगता, एकाच वर्षी या आजाराचं वर्णन केलं. दोघांनाही आधी दिसले ते कातडीवरचे गडद लाल ठिपके. बेंबीपासून मांड्यांपर्यंतच्या भागात असे बारीक ठिपके बऱ्याच पेशंटना असतात. लाजेखातर कोणी दाखवत नाही, आणि डॉक्टर कपड्याआड बघत नाहीत.

आता एक गोष्ट मन घट्ट करून सांगते. तुझा भाऊ सातवी-आठवीत होता, तेव्हा उन्हातून खेळून आला की तळपाय धरून बसायचा. "अक्का, पाय जळतायत गं" म्हणायचा. ताप आला की जास्तच. मी काय केलं? तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासून दिले. आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला, शाळा बुडवायची नाटकं करतोस म्हणून रागावले. त्याला घाम येत नाही, हे मी रोज बघत होते. पोरं घामाने निथळायची आणि हा कोरडाठाक, लालबुंद. मला त्याचं कौतुक वाटायचं, की बघा, याचा शर्ट कसा स्वच्छ राहतो! हातापायांची आग, घाम न येणं, जेवल्यावर पोटात कळ येऊन जुलाब होणं, ही फॅब्रीची लहानपणीची लक्षणं आहेत. मला ती तेव्हा ठाऊक नव्हती, तुझ्या आईला नव्हती, कुणालाच नव्हती. त्या पोराला खोटं ठरवलं याचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते मी त्याला समोर बसवून सांगणार आहे. तू मात्र आता ओळखायला शीक. तुझा नऊ वर्षांचा मुलगा उन्हातून आल्यावर पाय दुखतात म्हणतो, हे तू मागे बोलली होतीस. तेव्हा मी काही बोलले नाही. आता सांगते, ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं. उन्हात खेळून पोरांचे पाय साधेसुधेही दुखतात, त्यामुळे लगेच वाईट मनात आणू नकोस. पण सांगायचं राहू देऊ नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. डोळे कशाला?

आपल्या शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या कुठेही कापाकापी न करता, जिवंत, वाहत्या अवस्थेत नीट बघता येतात अशी एक जागा आहे. ती म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा. १८५१ साली हेल्महोल्त्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्यात प्रकाश टाकून तो पडदा बघायचं उपकरण जगासमोर आणलं, तेव्हापासून डॉक्टर तिथे डोकावतायत. बीपीचा आणि शुगरचा पेशंट असला की डोळ्याचा पडदा बघून या म्हणतात, ते याचसाठी. हृदयाच्या आणि किडनीच्या बारीक वाहिन्या आत दडलेल्या असतात. डोळ्यातल्या त्यांच्या बहिणी मात्र समोर दिसतात. साऱ्या एकाच रक्तावर पोसलेल्या, म्हणून एकीचा हाल बघून दुसरीचा थोडा अंदाज येतो.

फॅब्रीमध्ये डोळ्याचे डॉक्टर दोन गोष्टी मुख्यतः बघतात. पहिली, बुबुळावरच्या पारदर्शक काचेत उमटलेल्या भोवऱ्यासारख्या रेषा. बाळाच्या टाळूवर केसांचा भोवरा असतो ना, एका बिंदूभोवती फिरत गेलेला, हुबेहूब तसा. तो आपल्याला आरशात दिसत नाही, हनुवटी टेकवून बसायच्या यंत्रातूनच दिसतो. त्याने नजरेला काही होत नाही, त्यामुळे तो दिसला म्हणून दृष्टी जाईल असं मनात आणू नकोस. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलेली अमिओडॅरोन आणि क्लोरोक्वीनच्या जातीची काही औषधं, यांनीही असाच भोवरा उमटू शकतो. म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत ते आधी सांगायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे पडद्यावरच्या रक्तवाहिन्या. निरोगी डोळ्यात त्या झाडाच्या फांद्यांसारख्या सहज पसरत जातात. फॅब्रीमध्ये बऱ्याच जणांच्या वाहिन्या नागमोडी होतात. आपल्या भाताच्या वाफ्यात सरळ खणलेला पाट आठव. काठ पोखरले, गाळ साचला की तोच पाट पुढच्या वर्षी वळणं घेत वाहायला लागतो. वाहिनीच्या भिंतीत चरबी साचली, भिंतीचा घट्टपणा गेला, की तिचंही तसंच काहीसं होतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. फॅब्रीच्या पेशंटांची एक मोठी आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यातल्या १७३ जणांच्या डोळ्यांच्या तपासण्यांचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बुबुळावरचा भोवरा साधारण चारातल्या तिघांना होता, आणि बायकांमध्ये तो पुरुषांइतकाच होता. वाहिन्यांची वळणं जवळपास निम्म्या पुरुषांत आणि साधारण पाचातल्या एका बाईत सापडली. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, ज्यांच्या डोळ्यांत ही चिन्हं होती त्यांच्यात आजाराचा एकूण जोर जास्त होता. म्हणून वाहिन्या वळलेल्या दिसल्या की डॉक्टर सांगतात, आता हृदय आणि किडनी बघायला उशीर नको.

तू मोबाईलवर शोधशीलच, म्हणून आणखी एक सांगून ठेवते. २०१८ साली गुगलच्या शास्त्रज्ञांनी २,८४,३३५ लोकांच्या डोळ्यांच्या फोटोंवर कॉम्प्युटरला शिकवलं. त्या पडद्याच्या फोटोवरून तो माणसाचं वय, बाई की पुरुष, सिगारेट ओढतो की नाही, बीपी किती, हे बरंचसं ओळखायला लागला. पुढच्या पाच वर्षांत हार्ट अटॅकसारखा मोठा झटका येण्याचा धोकाही त्याला बऱ्यापैकी सांगता आला, आपले डॉक्टर बीपी-कोलेस्टेरॉल बघून सांगतात साधारण तितपत. पण तो अभ्यास फॅब्रीच्या पेशंटांवरचा नव्हता. फॅब्रीसाठी डोळ्यातल्या सूक्ष्म वाहिन्यांचं जाळं मोजायची नवी यंत्रं वापरून अभ्यास चालू आहेत, पण ते थोड्या थोड्या पेशंटांवरचे आहेत. तेव्हा कुणी म्हणालं, की डोळ्याचा एक फोटो काढा आणि हार्टची खात्री करून घ्या, तर त्याच्या नादी लागू नकोस.

खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त भीती तुझ्या सुटकेच्या निःश्वासाची आहे. डोळे तपासशील, डॉक्टर म्हणतील सगळं नॉर्मल आहे, आणि तू पुढचं सगळं सोडून देशील. तसं करायचं नाही. फॅब्रीचा एक प्रकार असा आहे की तो उशिरा, चाळिशी-पन्नाशीत, मुख्यतः हृदयातच दिसतो. त्यात डोळे स्वच्छ असू शकतात. आणि उलटही खरं आहे. वाहिन्या वळलेल्या दिसल्या म्हणजे हृदय बिघडलंच असंही नाही. बीपीने वळतात, शुगरने वळतात, काहींच्या जन्मतःच तशा असतात. डोळा खबर देतो. निकाल देण्याचं काम ईसीजीचं, टू-डी इकोचं आणि रक्ताच्या तपासणीचं.

आता तुझ्याबद्दल बोलूया. तू बोलताना "मी काय, फार तर वाहक असेन" असं म्हणालीस. हा शब्द मनातून काढून टाक. वर्षानुवर्षं डॉक्टरही बायकांना तसंच सांगत आले, आणि त्यापायी कितीतरी बायकांचं हृदय तपासायचं राहून गेलं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाला एक्स एकच, त्यामुळे त्याच्यातली चूक झाकली जात नाही. बाईला दोन एक्स असतात, आणि तिच्या प्रत्येक पेशीत त्यातला एक झोपलेला असतो, एक जागा. कुठल्या पेशीत कुठला जागा राहील याचा नेम नाही. म्हणून एका बाईला काहीच त्रास नसतो, आणि तिच्याच सख्ख्या बहिणीचं हृदय पन्नाशीत जाड झालेलं असतं. बाईलाही हातापायांची आग होते, तिच्याही किडनीला आणि हृदयाला धक्का बसतो. बहुतेक वेळा पुरुषांपेक्षा काही वर्षं उशिरा, एवढाच फरक.

हिशेब सांगते, कागदावर मांडून बघ. आईकडे चुकीचं जनुक असेल तर प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला ते मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी, आणि दर वेळी नव्याने. वडिलांकडे असेल तर ते सगळ्या मुलींना जातं आणि एकाही मुलाला जात नाही. तुझ्या भावाला ते बहुतेक तुमच्या आईकडून आलं. म्हणजे तुझी शक्यता निम्मी. आणि भावाची ती तीन वर्षांची चिमणी आहे ना, तिच्याकडे ते आहेच. हे ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल, माझ्याही आला. पण वहिनीला हे डॉक्टरांच्या तोंडून, शांतपणे, जनुकीय सल्ल्याच्या वेळी कळू दे. तू घाईने सांगायला जाऊ नकोस.

आता तपासणीतली एक खाच. पुरुषाचं निदान रक्तातलं एन्झाइम मोजून होतं. बाईचं एन्झाइम मात्र नॉर्मल येऊनही आजार असू शकतो. म्हणून तुला कुणी फक्त एन्झाइमची तपासणी करून "काही नाही" म्हणालं तर गप्प बसू नकोस, जनुकाची तपासणी मागायची. जाताना भावाच्या जनुकीय रिपोर्टची झेरॉक्स घेऊन जा. त्याच्या जनुकात चूक नेमकी कुठे आहे ते त्यात लिहिलेलं असतं. तुझ्यात तेवढीच जागा बघितली की काम होतं, आणि खर्चही वाचतो.

आणि आईला विसरू नका! गेली दोन वर्षं ती म्हणतेय, जिना चढताना धाप लागते, मधेच छातीत धडधडतं. आपण सगळ्यांनी म्हटलं, वय झालं, उपवास कमी कर. मीही म्हटलं. आता तिचा ईसीजी आणि इको आधी करून घ्यायचा. त्याचबरोबर दुसरं काम तितकंच महत्त्वाचं. तिच्या मनातून अपराधीपणा काढायचा. ती मला विचारत होती, "माझ्यामुळे झालं का गं पोराला?" तिला सांग, आई, तुझ्या हातात काहीच नव्हतं. डोळ्यांचा रंग दिला तसंच हेही गेलं, न कळत. मावशींनाही कळवायचं, कारण त्यांच्याकडे आणि त्यांच्या मुलांकडेही हे असू शकतं.

लोक बोलतील, तेही ऐकून ठेव. कुणी म्हणेल, मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून झालं. आपल्या सीमाभागात नात्यातली लग्नं असतात, त्यामुळे हे पटकन तोंडावर येतं. फॅब्रीला ते कारण लागत नाही. आईकडचं एकच जनुक पुरतं, नवरा नात्यातला असो की परका. कुणी म्हणेल, घरातली भांडी वेगळी ठेवा. हा आजार शिवल्याने होत नाही. आणि कुणी हळूच कानात सांगेल, धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचंय, कुठे बोलू नका. यावर माझं स्पष्ट मत ऐक. गावभर सांगायची काही गरज नाही, पण धाकटीपासून आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्यापासून लपवायचं नाही. लपवलेल्या आजाराची तपासणी होत नाही, आणि तपासणी न झालेलं हृदय कुणाच्या अब्रूची वाट बघत थांबत नाही.

आता डोळे दाखवायला जायचा दिवस कसा काढायचा ते सांगते. बेळगावला केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलात किंवा सरकारी बिम्समध्ये डोळ्यांचा विभाग आहे, आणि केएलईत हार्टचे डॉक्टरही त्याच आवारात भेटतात. सकाळी लवकर निघ. एकटी जाऊ नकोस. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, मग अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसायचं. त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. मागे मी शुगरसाठी डोळे दाखवायला एकटी गेले होते. स्टँडवर येऊन उभी राहिले, तर पाटीवरचं एक अक्षर लागेना. गर्दीबरोबर एका गाडीत चढले. गाडी सुटल्यावर कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा कळलं, ती किट्टूरची होती. भर उन्हात हायवेला उतरले, डोळ्यांतून पाणी, डोक्यावर पदर, आणि समोरून येणारी गाडी नुसती एक पांढरी झळ. ती अर्ध्या तासाची भीती तुझ्या वाट्याला नको. नवऱ्याला ने, नाहीतर मला सांग, मी येते. गॉगल किंवा छत्री घे, स्कूटर घरी ठेव. काचबिंदूचा त्रास कुणाला असेल तर थेंब घालायच्या आधी सांगायचं.

आत गेल्यावर "डोळे तपासा" एवढंच म्हणू नकोस. चिठ्ठीवर लिहून ने, की भावाला फॅब्री आहे, बुबुळावर भोवरा आहे का आणि पडद्यावरच्या वाहिन्या वळलेल्या आहेत का, ते बघून लिहून द्या. पडद्याचा रंगीत फोटो काढून माग, त्यावर तारीख घाल आणि फाईलला लाव. आज तो फोटो साधा वाटेल. पण पुढच्या वर्षी दुसरा काढशील तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून डॉक्टरांना बदल दिसेल. पोरांची उंची दारावर पेन्सिलने खुणावतो, तशी ही खूण.

त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात हार्टचं काम उरकायचं. ईसीजी आणि इको. इकोमध्ये हृदयाची भिंत जाड झाली आहे का ते दिसतं. धडधड होत असेल तर चोवीस तास अंगावर बांधायचं होल्टर मशीन. गरज वाटली तर डॉक्टर हृदयाचा एमआरआय सांगतील. त्यात भिंत जाड व्हायच्या आधीही चरबी साचल्याची चिन्हं दिसू शकतात. जोडीला बीपी, लघवीतली प्रथिनं, रक्तातलं क्रिएटिनिन आणि कानांची तपासणी. जनुकात चूक सापडली तर हे सगळं ठरावीक काळाने पुन्हा करायचं, त्रास नसला तरी. एक वही कर. डाव्या पानावर तारीख आणि तपासणी, उजव्या पानावर डॉक्टर काय म्हणाले ते. तुझं अक्षर सुंदर आहे, ते आता इथे वापर.

औषधाचंही सांगते, कारण रात्री झोप त्यापायीच उडते. औषध आहे. कमी पडणारं एन्झाइम दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून देतात. युरोपात ते २००१ पासून मिळतं. काही ठरावीक जनुकबदल असणाऱ्यांना चालेल अशी एक गोळीही निघाली आहे. ही औषधं आजार पुसून टाकत नाहीत, पण वेळेवर सुरू झाली तर पुढची इजा थोपवायला मदत करतात. हृदयात व्रण पडून गेल्यावर तेवढा फायदा होत नाही. म्हणून तर डोळ्यातून लवकर मिळणारी खबर मोलाची.

हे औषध फार महाग आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आणलं. मे २०२२ पासून त्याखाली एका पेशंटला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. यादीत फॅब्रीचं नाव आहे, पण शब्द नीट वाच. अवयवांना मोठी इजा होण्याआधी निदान झालेला फॅब्री, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे उशीर केला तर नुकसान शरीराचंही आणि मदतीचंही. जन्मभराच्या औषधाला ही रक्कम पुरत नाही, हेही खरं. तरी सुरुवात तिथून होते. अर्ज ठरवून दिलेल्या मोठ्या केंद्रांतूनच जातो. आपल्याला सोयीची दोन आहेत. एक बेंगळूरचं, सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स आणि इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था मिळून चालवतात ते. दुसरं मुंबईचं केईएम. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघालीस की सकाळी बेंगळूर. मुंबईत मराठीतून बोलता येईल, म्हणून आईला तिथे मोकळं वाटेल. कुठलं ते भावाच्या डॉक्टरांना विचारून ठरव. आधार, रेशनकार्ड आणि सगळ्या रिपोर्टच्या दोन-दोन प्रती आजच काढून ठेव.

किती झालं गं सांगून! एवढं एकदम उचलायचं नाही. भात लावताना आपण सगळं शेत बघत बसतो का? पुढ्यातला एक वाफा लावायचा, मग दुसरा. या आठवड्याचा वाफा म्हणजे आईचा ईसीजी आणि इको. पुढच्या आठवड्याचा, तुझे डोळे आणि तुझ्या रक्ताचा नमुना. बाकीचं त्यानंतर.

शेवटी एकच मागते. काल फोनवर तू मला तपासणीला न्यायच्या माणसांची यादी वाचून दाखवलीस. भाऊ, आई, धाकटी, तुझा मुलगा, तुझी मुलगी. सगळे होते, फक्त तू नव्हतीस. तुला वाटलं असेल, आधी बाकीच्यांचं उरकू. पण हिशेब पुन्हा बघ. तुझ्या मुलांना हे जनुक मिळायचं तर ते तुझ्याकडूनच मिळणार. तुझी जनुकाची तपासणी झाली आणि चूक सापडली नाही, तर दोन्ही पोरांचा प्रश्न तिथेच मिटतो. मग मुलाच्या पायांचं दुखणं हे साधं दुखणं म्हणून डॉक्टरांना दाखवता येईल. आणि सापडली, तर तुझ्या हृदयाकडे अजून वेळेत लक्ष जाईल आणि पोरांचंही लवकर कळेल. कुठूनही बघ, पोरांच्या तपासणीची सुरुवात तुझ्यापासूनच होते.

तेव्हा वही उघड आणि यादीत पोरांच्या आधी तुझं नाव लिही. पुढच्या मंगळवारी मी मोकळी आहे. पहिल्या गाडीने निघू. छत्री मी घेते.